माझी इच्छा, तुझी इच्छा आणि मधली माणसे



एकोणिसाव्या शतकात धारवाडला किंवा हुबळीला आलेल्या बासल मिशनच्या तरुण मिशनऱ्याला लग्न करायचे झाले, तर त्याची रीत ठरलेली होती. तो यायचा अविवाहित. काही वर्षे काम करून दाखवायची आणि मग स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरी बसलेल्या कमिटीकडे अर्ज टाकायचा. कमिटी मुलीची चौकशी करणार, तिची तब्येत, तिची भक्ती, तिच्या घरचे वळण तपासणार. अर्जदाराच्या मनात कोणी नसेल तर कमिटीच मुलगी शोधणार. होकार झाला की ती मुलगी बोटीत बसायची. पुष्कळदा नवऱ्याला ती पहिल्यांदा पाहायची ती बंदरावर. नकार आला तर तोही देवाचा आदेश समजून घ्यायचा. पुढे १८५३ पासून आणखी एक नियम आला. मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना बासलच्या वसतिगृहात पाठवून द्यायचे. आईबाप इथे उन्हातापात आणि मुले तिकडे बर्फात. पत्र यायला महिने लागत. या ताटातुटीलाही नाव तेच होते, देवाची इच्छा.

बासल मिशनची टवाळी करायला मी हे सांगत नाही. ही संस्था १८१५ साली निघाली, १८३४ मध्ये मंगळूरला उतरली, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आली. तिच्या कागदपत्रांत आपल्या या मुलखाचे नाव ‘दक्षिण मराठा’ असे आहे. पुढे आलेल्या रेल्वे कंपनीनेही तेच नाव लावले. (त्यावरून आज कोणी नवा वाद उकरून काढू नये. जुन्या साहेबांचा भूगोल तो, मुंबई इलाख्याच्या टेबलावर आखलेला.) तिने शाळा काढल्या, छापखाने घातले, दुष्काळात पोरकी झालेली मुले पोसली. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतली दोन-तीन पिढ्यांची अक्षरओळख त्या शाळांतली आहे. त्या माणसांचा त्याग खोटा नव्हता. मला त्या कमिटीत रस आहे तो दुसऱ्या कारणासाठी. देव आणि त्याचा सेवक यांच्यामध्ये ती बसली होती, आणि काही जणांच्या बैठकीत बहुमताने झालेला ठराव सेवकाच्या हाती पडेपर्यंत देवाची इच्छा झालेला असे.

ख्रिस्ती जीवनात देवाच्या इच्छेला शरण जाणे, असा विषय संयोजकांनी मला दिला. उपदेशपीठावरून बोलायचे असते तर सोपे होते. पण ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या सरांना होयबा विद्यार्थी कधीच आवडले नाहीत. उत्तर बरोबर असले तरी ‘कशावरून?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असे. तेव्हा आज मी मधल्या माणसांबद्दल बोलणार आहे.

शरणागती या मुलखाला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको होती. बसवण्णांच्या शरणांची ही भूमी, हरिदासांची ही भूमी. हुबळीच्या सिद्धारूढ मठात आजही लोक जातात ते डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवायला. ख्रिस्ती धर्म इथे आला तेव्हा देवापुढे मान तुकवणारी माणसे त्याला आयती मिळाली. त्याने सोबत आणली ती संस्था. वार्षिक अहवाल, शिस्तीची नियमावली, पाळकसाहेबांची शिफारस, मंडळीच्या पुस्तकातले नाव आणि नावापुढचा शेरा, हे सगळे नवे होते.

याच धारवाडात १८५३ साली एकविसाव्या वर्षी एक जर्मन तरुण आला. फर्डिनंड किट्टेल. भारतीयांमध्ये राहायचे तर भारतीय व्हायला हवे, हे त्याने प्रेषित पौलाकडून घेतलेले तत्त्व. तो गावोगाव पायी हिंडला, लोकांत बसला, कन्नडमध्ये बुडाला. वरिष्ठांना हे मानवले नाही. सहकारी अंतर ठेवू लागले आणि त्याला बाजूला सारण्यात आले. आता किट्टेलने देवाची इच्छा कोणती मानावी? वरिष्ठ म्हणतात ती, की त्याला स्वतःला ऐकू येते ती? त्याने मिशन सोडले नाही. हट्टही सोडला नाही. १८६२ साली त्याने ख्रिस्तचरित्र कन्नड पद्यात, इथल्या छंदांत लिहिले. १८९४ साली त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश मंगळूरच्या बासल मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. सुमारे सत्तर हजार शब्द. ज्या संस्थेने त्याला कोपऱ्यात बसवले तिच्याच यंत्रावर तो छापला गेला, आणि आज त्या वरिष्ठांची नावे फक्त अभ्यासकांना ठाऊक आहेत. यात देवाचा न्याय आहे असे मी म्हणणार नाही, कारण कोपऱ्यातच संपलेल्या किट्टेलांची यादी आपल्याकडे नाही.

त्याच मिशनच्या घरातली दुसरी गोष्ट युरोपात घडली. मल्याळमचा मोठा कोश करणारे हेर्मान गुंडर्ट बासल मिशनचे. त्यांची मुलगी मारी तलश्शेरीला जन्मली. तिचा दुसरा नवरा योहानेस हेस्से मंगळूरला मिशनरी होता. या जोडप्याचा मुलगा म्हणजे ‘सिद्धार्थ’ लिहिणारा हेर्मान हेस्से. त्या घराण्याच्या धर्मात एक ठाम समजूत होती की माणसाची इच्छा मुळातच वाईट असते, म्हणून लहानपणीच ती मोडायला हवी. मुलगा मठशाळेतून पळाला, आत्महत्येपर्यंत गेला आणि पुढे जन्मभर या इच्छा मोडण्याबद्दल लिहीत राहिला. त्याचे आईवडील प्रेमळ होते. मला तेच जास्त भयंकर वाटते.

आता शास्त्र उघडू. इच्छा मोडून ठेवायची शिकवण तिथे आहे का?

अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असे करत तो दहापर्यंत येतो, आणि देव दर वेळी ऐकतो. मंडईतली बाईसुद्धा इतका वेळ देणार नाही. याकोब यब्बोकच्या उतारावर रात्रभर झुंजतो. पहाटे मांडी लचकते, तरी आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही. ईयोबाचे मित्र त्याला अध्यायामागून अध्याय सुनावतात की बाबा, मान्य कर, हे तुझ्याच पापाचे फळ, देवापुढे नमून घे. शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर. देवाची वकिली करणाऱ्यांबद्दल खुद्द देवाचे मत काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय वाचावा. देवदूत मरियेकडे येतो तेव्हा ती आधी प्रश्न विचारते, हे कसे होईल? होकार त्यानंतर.

आणि गेथशेमाने. उद्या वधस्तंभ आहे हे ठाऊक असलेला येशू प्रार्थना करतो की हा प्याला टळू दे. आम्ही उपदेशात घाईघाईने पुढच्या वाक्यावर जातो, पण पहिले वाक्य त्याने उच्चारलेले आहे. ते त्याने गिळले नाही. आणि एकदा नाही, तीन वेळा. लूक तर घामाचे वर्णन रक्ताच्या थेंबांसारखे करतो. शिष्य झोपलेले आहेत. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शरणागतीच्या क्षणी मधे एकही माणूस नव्हता. पेत्र जागा असता तर त्याने नक्की सल्ला दिला असता. तलवार काढायचा.

ज्याला स्वतःची इच्छाच नाही तो शरण जाणार कशाने? शरण जायला हातात काहीतरी असावे लागते. आधी मोडून ठेवलेली इच्छा देवाला वाहायची म्हणजे कापलेले फूल पुन्हा खुडल्यासारखे आहे.

इथून मी पंडिता रमाबाईंकडे येतो. मराठीत या विषयावर त्यांच्याइतके कोणी झगडलेले नाही. आणि त्या आपल्याही आहेत. जन्म १८५८, गंगामूळचा, वडील अनंतशास्त्री डोंगरे कार्कळजवळच्या माळ गावचे. कन्नड त्यांच्या कानावर लहानपणापासून होती.

१८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळात हे कुटुंब उपाशी भटकत होते. जवळचे सगळे दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपले होते, आणि ब्राह्मण पुराणिकाने मजुरी करायची नाही ही अट मनात पक्की होती. जंगलात एक वेळ अशी आली की अंध झालेल्या वडिलांनी तीर्थात देह सोडायचे ठरवले. तेव्हा रमाबाईंचा थोरला भाऊ पुढे झाला. जातीचा अभिमान सोडतो, कुठेही मजुरी करतो, पण हे करू नका. वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले. तिला देवाच्या हाती दिले आहे असे सांगितले आणि त्याची सेवा करायला बजावले. थोड्या दिवसांत ते गेले, मग आई, मग बहीण. रमाबाईंनी हे सगळे पुढे लिहून ठेवले आहे. त्यात देवाच्या मर्जीने झाले असा सूर मला सापडत नाही. उपाशी माणसे कशी मेली हे सांगताना त्या तपशील सांगतात. काय खाल्ले, कुठे नाकारले गेले, कोण दारातून परत पाठवी.

भाऊ १८८० मध्ये गेला. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पदरी मनोरमा, एक वर्षही पुरे न झालेली. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, आणि पत्रातही तसेच लिहीत. पंचविशीतली एक विधवा, परका देश, परकी थंडी, आश्रय त्यांचा, अन्न त्यांचे. शरणागतीला याहून अनुकूल परिस्थिती कुठली?

आणि इथूनच भांडणे सुरू झाली. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, जी भाषा मला आणि माझ्या लोकांना कळत नाही ती छातीवर का मिरवायची? अक्षरे हवीतच तर संस्कृत असू देत. मांस त्या खात नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतरही नाही. अंड्याचा अंश असलेले पक्वान्नही नको. आजीबाईंना यात जातीचा ताठा दिसला. तो नव्हताच असे मी छातीठोक म्हणणार नाही. पण आजीबाईंना हे कधी सुचले नाही की लॅटिनचा आणि पुडिंगचाही एक ताठा असतो.

मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांची मते मागवली गेली. तिकडच्या समाजात बाईंची पत जाईल, सबब परवानगी नको, असे त्यांनी कळवले. रमाबाई भडकल्या. गावोगाव भर सभेत पुरुषांसमोर पुराणे सांगितलेली बाई ती. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘पंडिता’ म्हटले, तिला आता बिशप सांगणार की हिंदुस्थानात काय चालते? पुढे त्रैक्याचा सिद्धांत, अथनासियसचा विश्वासांगीकार, मनोरमेला काय शिकवायचे, अशी प्रश्नांची रीघ लागली. आजीबाईंचे उत्तर थोडक्यात असे की नम्र हो, चर्च सांगते ते स्वीकार, मग समज येईल. रमाबाईंचे उत्तर असे की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, तसलेच दुसरे मी घालून घेणार नाही. देवाची आज्ञा पाळीन. पण अमुक आज्ञा देवाची आहे हे मला पटायला हवे. कोणी तसे सांगितले एवढे पुरत नाही.

डॉक्टर होण्याचा मनसुबा कानांनी मोडला, तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. त्या शिक्षणाकडे वळल्या आणि तेच काम जन्माचे झाले. बिशपांनी एक दरवाजा बंद केला, तेव्हा मात्र त्या पान-पान भांडल्या. मी या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. बहिरेपणाला सही नव्हती. बिशपांच्या कागदाला होती. ज्या गोष्टीखाली माणसाची सही असते तिच्याबद्दल त्या माणसाला जाब विचारता येतो, आणि रमाबाईंनी तो विचारला. १८८६ मध्ये त्या आजीबाईंची फारशी मर्जी नसताना अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला.

बंडखोर स्वभाव म्हणून हे सोडून देता आले असते. पण पुढची गोष्ट त्यात बसत नाही. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांच्या साक्षीत हा भाग स्पष्ट आहे. तर्काने धर्म निवडलेली ही बाई अखेर शरण गेली. तिच्या मानेवर तेव्हा ना मठ होता, ना बिशप. आणि शरण गेल्यावर ती मवाळ झाली असे तर मुळीच नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्याला आले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. मुली येऊन बसत. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर होते. त्यांना हे पसंत नव्हते. १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या, मंडळ मोडले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. दार बंद करा एवढीच मागणी होती. त्यांनी दार बंद केले नाही. आधी बिशपांचे ऐकले नाही, आता सुधारकांचेही नाही. देवाला शरण गेलेले माणूस संस्थांना फार गैरसोयीचे होते, हे दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकायला हरकत नव्हती.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्यांच्या घरातली माणसे दुष्काळात मेली त्यांच्याकडे दोन रस्ते असतात. एक, त्याला देवाची करणी म्हणून पुढे जाणे. दुसरा रमाबाईंनी धरला. त्या दुष्काळी मुलखात गेल्या, आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते यातून. १८७६ ते ७८च्या दुष्काळात आपले धारवाड, बेळगाव, कलादगी जिल्हे होरपळले, तेव्हा सरकारी बाबूंचेही एक दैवत होते, बाजारभाव. धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही, निसर्गक्रमाने जे होईल ते होईल. त्या निसर्गक्रमात आणि पापाचे फळ म्हणणाऱ्या कीर्तनकारात मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही मेलेल्याची जबाबदारी वर ढकलतात, जिथे पत्ता नाही तिथे.

आमच्या ख्रिस्ती घरांत मयत झाले की शोकसभेला पाळकसाहेब उभे राहतात आणि म्हणतात, प्रभूने त्यांना आपल्या घरी नेले, त्याच्या इच्छेपुढे कोणाचे चालते? नव्वदीच्या आजोबांसाठी हे शोभते. पण गटारात उतरवलेला सफाई कामगार गुदमरून मेला, बाळंतीण वेळेवर गाडी न मिळाल्याने गेली, आणि तिथेही तेच वाक्य आले, तर ते वाक्य कंत्राटदाराची बाजू घेते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला पवित्र शास्त्रातले अधीनतेचे वचन काढून दाखवणारे वडीलधारे मी आमच्याच मंडळीत पाहिले आहेत. वचन दाखवणारा स्वतः कधी मार खात नसतो, हे एवढे पाहावे.

नवरा-बायकोचा विषय निघालाच आहे तर टिळकांकडे जाऊ. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना देवाची हाक आली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणती हाक आली होती? त्यांना बातमी आली. संसार उधळला, माहेरच्यांनी रडारड केली. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या दिवसांबद्दल मी वेगळे काय सांगू? पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक वेगळा, सोवळे कडक, पाणी वेगळे. टिळक तापट होते, संतापाच्या भरात वाटेल ते करीत. पण तू माझी बायको म्हणून माझ्या देवाला मान, असे त्यांनी म्हटले नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेळापत्रकाने जातिभेदाचा निकाल लावला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे. टिळकांच्या सगळ्या भक्तिगीतांहून मला त्यांचे हे थांबणे मोठे वाटते. त्यांना ते किती जड गेले असेल, ते त्यांचा स्वभाव पाहता कळते.

टिळकांनी पुढे १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात चालणार होते. मिशनला यावर काय वाटले असेल ते किट्टेलच्या गोष्टीवरून ओळखा. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार त्यांच्या मागे फार टिकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुरे केले. ज्या बाईने ख्रिस्ताच्या नावाने स्वतःचा संसार मोडताना पाहिला, तिने.

धारवाडात बसून शरणागतीबद्दल बोलायचे आणि जी. ए. कुलकर्ण्यांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. याच गावात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले आणि याच गावात त्या कथा लिहिल्या. जीएंची माणसे धडपडतात, निवड करतात, आणि जी निवड केली तीच गळ्याचा फास होते. तिथे वर कोणी नाही, आहे ती नियती. तिला कान नाहीत, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही आणि शरणही जाता येत नाही. फार तर ताठ मानेने तिच्याकडे पाहता येते. पुष्कळ ख्रिस्ती माणसे देवाची इच्छा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात खरे तर जीएंची नियती असते. फक्त जीए प्रामाणिक होते, त्यांनी तिला देव म्हटले नाही.

जीएंची ‘यात्रिक’ ही कथा डॉन किहोटेची. तोच डॉन किहोटे एका तुरुंगातल्या पत्रात भेटतो. डिट्रिश बोनहोफर हा जर्मन पाळक हिटलरच्या विरोधात गेल्यामुळे एप्रिल १९४३ पासून कैदेत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याने मित्राला लिहिले की, नशिबाशी झुंजायचे कुठपर्यंत आणि स्वीकारायचे कुठून, याची रेघ कशी आखावी? डॉन किहोटे झुंज वेडेपणापर्यंत नेतो. सांचो पांझा जे आहे त्यात धूर्तपणे जमवून घेतो. बोनहोफरला दोन्ही पुरेसे वाटत नाहीत. देव कधी कधी ‘ते’ म्हणून समोर येतो, नाव नसलेली आंधळी परिस्थिती म्हणून, आणि त्या ‘ते’मधून ‘तू’ शोधणे हा खरा प्रश्न आहे, असा त्याचा सूर आहे. त्या पत्रांच्या जर्मन पुस्तकाचे नावच ‘प्रतिकार आणि शरणागती’ असे आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिली गेली. त्याच वेळी जर्मनीतल्या बहुसंख्य चर्चमध्ये, वरून नेमलेल्या सत्तेला मान द्या, हीच देवाची इच्छा, हे शिकवणे चालू होते. शास्त्रवचनासकट.

माझा मुद्दा आता तुमच्या ध्यानात आला असेल, पण त्याची अवघड बाजू अजून राहिली आहे. मधली माणसे बाजूला करा म्हणणे सोपे आहे. ती बाजूला केली की माणूस स्वतःच्या आवाजाला देवाचा आवाज समजतो, आणि तो प्रकार कमिटीपेक्षा घातक होऊ शकतो. कमिटीत निदान इतिवृत्त तरी लिहितात. रमाबाईही यातून सुटल्या असे मला वाटत नाही. मुक्ती सदनात शेवटचा शब्द त्यांचा होता. शेकडो मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या, जेवण त्यांचे, छप्पर त्यांचे. वाँटेजला त्या स्वतः जिथे होत्या तिथेच आता या मुली होत्या. मुक्ती सदनातल्या मुलींनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. किती जणींनी आधी क्रूसावरच्या अक्षरांबद्दल प्रश्न विचारले असतील?

आणि मनोरमा. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती दोन वर्षांची होती. कधी वाँटेजला, कधी अमेरिकेत, असे तिचे शिक्षण झाले. परत येऊन ती आईचा उजवा हात झाली. १९१२च्या सुमारास गुलबर्ग्याला ख्रिस्ती शाळा निघाली, तिची धुराही तिच्याकडे. आईच्या मागे सगळे तिनेच पाहायचे हे ठरल्यासारखेच होते. १९२१च्या जुलैमध्ये चाळिशीत ती गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या मुद्रितांवर काम करीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. त्या नऊ महिन्यांची शरणागती किती खोल होती यावर उपदेश पुष्कळ झाले आहेत. मला दुसरे विचारायचे आहे. मनोरमेचे आयुष्य ही देवाची इच्छा आहे, हे मनोरमेला देवाकडून कळले की आईकडून? मुलींसाठी ज्यांनी प्रार्थनेचे दार उघडे ठेवले त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्या दारातून बाहेर जाण्याची मोकळीक होती का? हा प्रश्न रमाबाईंना विचारायचा हक्क आपल्याला रमाबाईंनीच दिलेला आहे.

तो विचारता येतो याचे थोडे श्रेय मी आजीबाईंनाही देईन. सिस्टर जेराल्डिन यांनी म्हातारपणी, १९१७ मध्ये, हा सगळा पत्रव्यवहार एकत्र केला. त्यात आपली बाजू मांडण्याचा हेतू असेलही. पण त्यांच्यावर उलटणारी, त्यांना निरुत्तर करणारी रमाबाईंची पत्रेही त्या बाडात राहिली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली. हुबळी-धारवाडच्या तरुण पाळकांना ईश्वरविद्या शिकवताना ते पुस्तक नेमावे, अशी सूचना करून मी थांबतो. प्रश्नांना वेळ आहे. ईयोबाच्या मित्रांनीही विचारायला हरकत नाही.